छंदाच्या वाटेवर : काचेपलीकडचा मासा



गेल्या आठवड्यात सातवीतल्या एका मित्राचे पत्र आले. अक्षर टपोरे, पण सूर अगदी रडवेला. तो लिहितो, "बाई, वाढदिवसाला बाबांनी फिश टँक आणून दिला. मी बाबांच्या मोबाईलवर माशांचे ४० फोटो काढले. ११ फोटोंत नुसता पांढरा डाग आहे. १४ फोटोंत मासा म्हणजे केशरी रंगाचा फराटा. ६ फोटोंत मासाच नाही, तो निघून गेला. आणि उरलेल्या ९ फोटोंत काचेत मीच दिसतो आहे, तोही बनियनवर! चूक माझी की मोबाईलची?"

पत्र वाचून मला हसू आवरेना. मग वाटले, घरोघरच्या फिश टँकसमोर हेच चालले असणार. तेव्हा आजची गप्पांची बैठक टँकसमोरच भरवू या.

मित्रा, चूक तुझीही नाही आणि मोबाईलचीही नाही. काच, पाणी आणि उजेड या तिघांशी तुझी अजून नीट ओळख झालेली नाही, एवढेच. ती आज करून देते. पण त्याआधी मला तुम्हां सगळ्यांना माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे. बाईंनी आपल्या चुका मुलांना सांगू नयेत, असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या चौथीच्या वर्गात कपाटाशेजारी एक काचेची पेटी होती. तीत एक गोल्डफिश. मुलांनी तिचे नाव ठेवले होते केशर. सकाळी वर्गात शिरल्यावर दप्तर ठेवायच्या आधी मुले पेटीशी जाऊन तिची हजेरी घ्यायची. "केशर?" असे एकाने विचारायचे आणि बाकीच्यांनी तिच्या वतीने "हजर, बाई!" म्हणून ओरडायचे.

त्या वर्षी शाळेच्या हस्तलिखिताच्या मुखपृष्ठावर केशरचा फोटो लावायचे ठरले. फोटो काही केल्या नीट येईना. दुसऱ्या दिवशी हस्तलिखित बांधायला द्यायचे होते. मला घाई झाली. मी काय केले असेल? एक काचेची बरणी घेतली, नळाखाली धरून भरली, जाळीने केशरला उचलले आणि बरणीत सोडले. बरणी खिडकीत उन्हात ठेवली आणि फ्लॅश मारून सात-आठ फोटो काढले. केशर त्या एवढ्याशा बरणीत गरगर फिरत होती. पण त्यातला एक फोटो असा आला, की खवलान् खवला मोजून घ्यावा! मी खूश. केशरला परत पेटीत सोडले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशर पाण्यावर आडवी तरंगत होती.

हजेरी कुणी घेतली नाही. वर्ग चिडीचूप. बऱ्याच वेळाने पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच विचारले, "बाई, पण फोटो चांगला आला ना?" तिला टोमणा मारायचा नव्हता हो! मला बरे वाटावे म्हणून बिचारी विचारत होती. पण मला काही बोलता आले नाही.

आता विचार केला की कळते, मी त्या मुक्या जिवावर एकाच दिवशी किती संकटे आणली होती! नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेला असतो. आपल्याला तो सोसतो, पण माशाचे नाजूक कल्ले त्याने भाजल्यासारखे होतात. शिवाय पाणी एकदम वेगळ्या तापमानाचे. बरणी लहान, म्हणून प्राणवायू थोडा. वरून जाळीने केलेला पाठलाग आणि डोळ्यांवर फ्लॅश.

तो फोटो आम्ही मुखपृष्ठावर लावला नाही. त्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात मी एक नियम लिहिला. तो अजूनही मी पुसू देत नाही :

फोटोसाठी माशाला हलवायचे नाही. आपण हलायचे.

आता या एकाच नियमात राहून स्वच्छ फोटो कसा काढायचा, ते पाहू या. काढता येतो, बरं का! अगदी साध्या मोबाईलवरसुद्धा.

पहिली ओळख काचेशी

काच पारदर्शक असते, असे आपण शिकतो. पण ती थोडासा आरसाही असते. रात्री खोलीत दिवा लावून खिडकीबाहेर पाहा. बाहेरच्या अंधारात तुमचेच तोंड दिसेल. टँकच्या काचेचेही तसेच. खोलीत उजेड जास्त आणि टँकमध्ये कमी असेल, तर काचेत तुम्ही दिसणार. म्हणून उलटे करा. टँकचा दिवा लावा आणि मग खोलीतले दिवे बंद करा, पडदे ओढा. क्रम मात्र हाच ठेवा. अंधारात असलेल्या टँकवर एकदम झगझगीत दिवा लावला, तर मासे दचकून सैरावैरा पळतात.

अंगात गडद रंगाचा सदरा घाला. पांढरा बनियन काचेत लगेच उमटतो, हे आपल्या पत्रलेखक मित्राला आता पटेल!

त्याहूनही सोपी युक्ती सांगते. काळा कार्डपेपर घ्या. मोबाईलच्या भिंगाएवढे भोक मध्यभागी पाडा. कागद मोबाईलच्या पाठीला लावा आणि मोबाईल काचेच्या अगदी जवळ न्या. खोलीतला उजेड कागदाने अडतो, त्यामुळे काचेत काही उमटतच नाही.

आणि तो पांढरा डाग? तो फ्लॅशचा. चेंडू भिंतीवर सरळ मारला तर तुमच्याकडेच परत येतो, हो ना? प्रकाशाचेही तसेच. मोबाईलचा फ्लॅश भिंगाला खेटून असतो. समोरच्या काचेवर आपटून तो सरळ भिंगात परत येतो. म्हणून फ्लॅश बंद, कायमचा बंद. माशांना आपल्यासारख्या पापण्या नसतात, डोळे मिटून घ्यायची सोय त्यांच्याकडे नाही, हेही लक्षात असू द्या.

काच पुसायला धुतलेले मऊ सुती फडके पुरे. बाहेरून कोरडे पुसा. साबण किंवा काच पुसायचा फवारा टँकजवळ आणूच नका. त्याचे थेंब पाण्यात गेले तर मासे दगावू शकतात. आतल्या बाजूला शेवाळ साचले असेल, तर ते मोठ्या माणसांकडून काढून घ्या आणि फोटो दुसऱ्या दिवशी काढा. आणि हो, मोबाईलचे भिंगही पुसा. लाडू खाऊन मोबाईल हातात घेतला, की भिंगावर तुपाचे धुके बसते!

दुसरी ओळख पाण्याशी

पाण्याच्या पेल्यात पेन्सिल तिरकी ठेवली, की ती मोडल्यासारखी दिसते. हा प्रयोग तुम्ही केलाच असेल. हवेतून पाण्यात जाताना प्रकाशाची वाट वाकते, त्याला अपवर्तन म्हणतात. टँकच्या कोपऱ्यातून तिरके पाहा, एकाच माशाचे दोन मासे दिसतील. फोटोही तिरका काढला की पुसट आणि ताणलेला येतो. म्हणून मोबाईल काचेला अगदी समांतर धरा. नजर माशाच्या उंचीवर आणा. त्यासाठी गुडघ्यावर बसा, पाटावर बसा, हवे तर पालथे पडा. नियम आठवतो ना? आपण हलायचे!

काचेच्या गोल भांड्यात मासा पाळला असेल, तर फोटो चांगला येणे कठीण. पाण्याने भरलेले गोल भांडे म्हणजे एक भलेमोठे भिंगच. त्यात मासा कधी फुगलेला, कधी लांबुळका दिसतो. तसेही ते भांडे माशाच्या प्रकृतीला चांगले नाही. त्यात पाणी थोडे मावते, ते लवकर घाण होते आणि माशाला सरळ पोहायला जागाही मिळत नाही.

पाणी बदलल्यावर किंवा खाणे टाकल्यावर लगेच फोटो काढू नका. कण तरंगत असतात, काचेवर बुडबुडे चिकटलेले असतात. त्यामुळे फोटोत पिठूळ धुके येते. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे खाणे टाकण्याच्या थोडी आधीची. तेव्हा मासे भुकेले असतात आणि माणूस दिसला की स्वतःहून पुढच्या काचेशी येतात.

हवेच्या पंपाचे बुडबुडे फारच आड येत असतील, तर मोठ्या माणसाला सांगून पंप पाच मिनिटे बंद करा. विजेच्या बटणाला ओला हात लावायचा नाही. आणि पंप परत चालू करायची आठवण राहावी म्हणून मोबाईलवर गजर लावून ठेवा. माशांचा श्वास त्या पाण्यातल्या प्राणवायूवर चालतो.

तिसरी ओळख उजेडाशी

आता केशरी फराट्याकडे वळू या. येथे थोडे गणित करावे लागेल. घाबरू नका, सोपे आहे.

समजा, तुमचा गप्पी मासा एका सेकंदात १० सेंटिमीटर, म्हणजे १०० मिलिमीटर पोहतो. मोबाईलने फोटो घ्यायला सेकंदाचा ३० वा भाग घेतला. तेवढ्या वेळात मासा किती सरकला? १०० भागिले ३०, म्हणजे ३ मिलिमीटरहून थोडे जास्त. गप्पीचा डोळासुद्धा एवढा मोठा नसतो! मग डोळा कसा दिसणार? फराटाच दिसणार. आता तोच फोटो सेकंदाच्या २५० व्या भागात घेतला तर? १०० भागिले २५०, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. डोळा स्वच्छ!

पण इतक्या कमी वेळात मोबाईलला पुरेसा उजेड मिळाला पाहिजे. घाईघाईत पाण्याची धार लहान असेल तर घागर भरत नाही, तसेच हे. म्हणून उजेड वाढवा, आणि तोही वरून. टँकच्या झाकणातला दिवा पुरत नसेल तर काचेच्या झाकणावर बॅटरीवर चालणारा दिवा ठेवा. विजेच्या वायरीचा दिवा पाण्यावर लोंबकळत ठेवायचा नाही, म्हणजे नाही. काही मोबाईलमध्ये 'प्रो' नावाची सोय असते. तेथे हा वेळ आपल्याला ठरवता येतो. १/२०० किंवा १/२५० निवडा. ती सोय नसेल तरी बिघडत नाही. उजेड भरपूर असला की मोबाईल आपणहून कमी वेळ घेतो.

उजेडासाठी माणसांनी काय काय केले आहे, ऐका. १९२६ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडाजवळच्या समुद्रात डॉ. लाँगली हे प्राणिशास्त्रज्ञ आणि चार्ल्स मार्टिन हे छायाचित्रकार पाण्याखाली माशांचे रंगीत फोटो काढायला गेले. त्या काळच्या रंगीत काचपट्ट्यांना उजेड अतोनात लागायचा. पाण्याखाली तो आणायचा कोठून? त्यांनी तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून लखकन भडका उडवला आणि खाली कॅमेऱ्याने मासा टिपला. या कामात लाँगली यांना स्फोटाने भाजलेही. पाण्याखालचे ते पहिले रंगीत फोटो 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाच्या जानेवारी १९२७ च्या अंकात छापून आले. आपल्याला मात्र दिव्याचे एक बटण दाबायचे आहे. आपण किती भाग्यवान!

चौथी ओळख माशाशी

ही ओळख राहिली, तर वरच्या तिन्ही वाया गेल्या म्हणून समजा.

मोबाईल बाजूला ठेवा आणि दहा मिनिटे टँकसमोर नुसते बसा. कोण कोठून कोठे जातो, ते वहीत टिपा. झेब्रा मासे घोळक्याने इकडून तिकडे सारखे पळतात. (हा मासा मूळचा आपल्याच भारतीय उपखंडातल्या ओढ्या-नद्यांमधला.) फायटर जागच्या जागी पर हलवत रेंगाळतो. एंजल मासा पडदा सरकावा तसा संथ सरकतो. म्हणजे शिकाऊ उमेदवाराने सुरुवात कोणापासून करायची? फायटर किंवा एंजलपासून. झेब्रा ही वरच्या इयत्तेची परीक्षा!

प्रत्येक माशाचा एक ठरलेला रस्ता असतो. कोणी अमुक दगडाला वळसा घालतो, कोणी तमुक झाडाशी थांबतो. माशाच्या मागे मोबाईल फिरवू नका. त्या दगडावर बोट टेकवून मोबाईलची नजर तेथे पक्की करा आणि वाट पाहा. बऱ्याच मोबाईलमध्ये पडद्यावर बोट थोडा वेळ दाबून धरले की नजर तेथेच खिळून राहते. मासा तेथे आला की भराभर पाच-सात फोटो घ्या. कोपरे टेबलावर टेकवा म्हणजे हात हलत नाही. पडद्यावर दोन बोटे ताणून मासा मोठा करू नका. त्याने फोटो फुटल्यासारखा येतो. आपण जवळ जा, आणि नको असलेला भाग नंतर कापा.

फोटो बरा की वाईट, हे कसे ओळखायचे? आधी डोळा पाहा. डोळा स्वच्छ असेल तर शेपटी थोडी पुसट असली तरी चालते. डोळाच पुसट असेल तर फोटो बाद.

काचेवर टकटक मात्र कधीही करायची नाही. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातली हालचाल आणि कंपने माशाला तिच्यामुळे कळतात. आपली टिचकी म्हणजे त्याच्या घरावर घातलेला घणच. चांगल्या फोटोत ही रेघ ठिपक्या-ठिपक्यांची दिसते. तुमच्या फोटोत सापडते का, शोधा बरे!

मग फोटोचे करायचे काय?

गेल्या वर्षी पाचवीतल्या एका मुलीने नेम केला. घरच्या टँकमधल्या आठ गप्पींचा रोज एक फोटो काढायचा आणि वहीत तारीख, वार व एक ओळ लिहायची. तिसऱ्या आठवड्यात ती आईचा मोबाईल घेऊन, आईसोबतच, माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, याच्या शेपटीवर मीठ सांडल्यासारखं काय दिसतंय?" फोटो मोठा करून पाहिला. शेपटीवर आणि परांवर खरोखरच मिठाच्या कणांसारखे पाच-सहा पांढरे ठिपके होते. आदल्या आठवड्याच्या फोटोत ते नव्हते. नुसत्या डोळ्यांनी घरात कुणालाच दिसले नव्हते, कारण गप्पी एका जागी थांबतो कोठे?

तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होता. डोळ्यांना न दिसणारा एक एकपेशीय जीव माशाच्या कातडीत शिरून बसतो आणि पाण्यातून एका माशाकडून दुसऱ्याकडे पसरतो. उशीर झाला तर अख्खा टँक रिकामा होतो. आईने लगेच माशांच्या दुकानदारकाकांना तो फोटो दाखवला. त्यांनी औषध दिले, किती थेंब आणि किती दिवस ते समजावून सांगितले. आठांपैकी सात गप्पी वाचले.

तो फोटो काही मुखपृष्ठावर शोभेल असा नाही. मागे पंपाची नळी आली आहे, वरच्या कोपऱ्यात तिचे बोटही आले आहे. पण डोळा स्वच्छ आहे आणि ठिपके मोजता येतात. आमच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यातल्या त्या नियमाखाली मी तो चिकटवून ठेवला आहे.

पालकांशी दोन शब्द

आई-बाबांनो, मोबाईल हातात दिला की मूल बिघडते, अशी धास्ती आपल्याला असते. ती खोटी नाही. पण टँकसमोर अर्धा तास तुम्ही मुलाशेजारी बसून पाहा. तोच मोबाईल वाट पाहायला शिकवतो. दिवे आणि पंप यांची जबाबदारी मात्र तुमच्याकडे ठेवा. आणि फोटोसाठी म्हणून नवा मासा आणून देऊ नका. आधी आहे त्यांची निगा नीट होते का, ते पाहा.

या आठवड्याचा उपक्रम

१. आपल्या, शेजाऱ्यांच्या किंवा शाळेच्या टँकमधला एकच मासा निवडा. ओळीने सात दिवस त्याचा रोज एक फोटो काढा. मोबाईल मिळत नसेल तर पेन्सिलीने चित्र काढा. त्यातही डोळा आणि पर नीट पाहावेच लागतात.

२. फोटोखाली तारीख आणि त्या दिवशी नव्याने दिसलेली एक गोष्ट लिहा.

३. सातव्या दिवशी पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवून काय बदलले ते आम्हांला कळवा.

आणि हो, आपल्या ४० फोटोवाल्या मित्रा, एकेचाळिसावा फोटो जरूर पाठव. बनियन न दिसणारा!

तुमच्या,
बाई